खोगीर आणि जोडा

पुण्यातील मुलींच्या एका जुन्या शाळेस आपण सर्वजण 'हुजूरपागा' म्हणतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातील एखादी आजी, आत्या अगर लेक ह्या शाळेत शिकलेली असते, व तिच्या बोलण्यात 'हुजूरपागेत असताना' हे शब्द सहज येऊन जातात. परंतु पागा म्हणजे घोडे बांधण्याची जागा, आणि हुजूरपागा म्हणजे खुद्द पेशवे सरकारच्या घोड्यांची पागा, हा अर्थ ते नाव उच्चारताना फारसा कोणाच्या मनात येत नाही. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक प्रभृती मंडळींनी १८८४ साली मुलींचे हायस्कूल काढले, ते ह्या पागेच्या जागी स्थिरावले. घोडे गेले आणि मुली आल्या, हा बदल सर्वथैव इष्ट झाला. तथापि घोडा कधी एकटा जात नाही. त्याच्यामागे मोतद्दार असतो, नालबंद असतो, आणि खोगीर शिवणारा जिनगर असतो. ह्या माणसांचे पुढे काय झाले, हे आपण सहसा विचारीत नाही.

घोड्याची भाषा मात्र आपल्या घरातून गेलेली नाही. सुनेने घाई केली की सासूबाई 'घोड्यावर बसून आलीस का गं?' असे विचारतात. काम अडले की 'घोडे कुठे पेंड खाते' ह्याचा शोध सुरू होतो. खर्चास लगाम घालावा लागतो. आणि समितीत निरुपयोगी सभासद फार झाले की ती खोगीरभरती ठरते. ह्यातील शेवटच्या शब्दापासूनच आमचा विषय सुरू होतो.

खोगीर म्हणजे नुसती बसण्याची गादी नव्हे. कोणत्याही देशाचे खोगीर घ्या, त्याच्या रचनेचे मूळ सूत्र एकच असते. घोड्याच्या पाठीच्या मधोमध जो कणा आहे त्यावर स्वाराचा भार पडता कामा नये. तो कण्याच्या दोन्ही अंगांच्या मांसल भागावर सारखा वाटला गेला पाहिजे. म्हणून चांगल्या खोगिराच्या पोटाशी दोन लांबट उशा असतात व त्यांच्यामध्ये पन्हळीसारखी पोकळी राखलेली असते. ह्या उशांत लोकर, केस, नमदा अगर गवत भरतात. हीच खोगिराची भरती. कामचुकार कारागीर तीत वाटेल त्या चिंध्या कोंबून मोकळा होई, आणि म्हणूनच त्या शब्दास आजचा हलका अर्थ आला. भरती एका बाजूस दबली किंवा तिची गाठ झाली, की तेवढ्याच जागी घर्षण होऊन घोड्याची पाठ लागते. आणि पाठ लागलेल्या घोड्याचा स्वार हा पायदळातच जमा होतो.

मराठी फौजेत बारगिरास घोडा व सामान सरकारातून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. शिलेदाराचे सारे भांडवल त्या एका जनावरात गुंतलेले असे. ते निकामी झाले की त्याच्यावर बारगिरी पत्करण्याची पाळी येई. म्हणजे एका उसवलेल्या टाक्यावर एका कुटुंबाची प्रतिष्ठा अवलंबून होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. पोटाखालून आवळायचा तंग, शेपटीखालून जाणारी दुमची, पाय अडकविण्याची रिकीब, ह्या प्रत्येकाची वादी वेळच्या वेळी तपासून, झिजली असेल तर बदलून देणारा माणूस छावणीत हाताशी असावा लागे. हे काम जिनगराचे. फारसीत 'झीन' म्हणजे खोगीर. ते करणारा तो जिनगर. नवे खोगीर करणे हा त्याच्या धंद्याचा थोडा भाग होता; जुने उसवून, भरती पिंजून, पुन्हा त्याच घोड्याच्या पाठीस बसते करणे, हा फार मोठा.

हल्ली आपल्या मुलांस मराठी स्वारापेक्षा सिनेमातील अमेरिकन गुराखी अधिक परिचित आहे. त्याच्या सामानाकडे पाहिले तर हेच कारागिरीचे तत्त्व दुसऱ्या वेषात दिसते. अमेरिकन गुराख्याचे खोगीर मूळ स्पेनचे. ते मेक्सिकोच्या मार्गाने उत्तरेकडे गेले. त्याच्या पुढल्या अंगास एक जाड खुंटी असते. उधळलेल्या बैलाच्या गळ्यात दोराचा फास टाकावयाचा व दोराचे दुसरे टोक ह्या खुंटीस गुंडाळावयाचे, ही गुराख्याची रीत. बैलाचा सारा हिसका खोगिरास सोसावा लागत असल्यामुळे त्याचा सांगाडा लाकडाचा करून त्यावर ओले कच्चे कातडे ताणून शिवतात. ते वाळले की आवळून लोखंडासारखे घट्ट होते. असे खोगीर १५ ते २० किलो वजनाचे भरते. आपल्या स्वारास लांबच्या मजला झपाट्याने मारावयाच्या असत, म्हणून त्याचे सामान हलके. गुराख्यास दिवसभर गुरे आवरावयाची असत, म्हणून त्याचे जड.

त्याच्या पायातील बुटांची कथाही अशीच आहे. त्यांची उंच टाच शोभेसाठी निर्माण झाली नाही. पाय रिकिबीतून पुढे घसरून स्वार घोड्यामागे फरफटला जाऊ नये, म्हणून ती आहे. निमुळता पंजा रिकिबीत चटकन शिरतो, गुळगुळीत तळवा चटकन सुटतो, आणि पोटरीपर्यंतचे कातडे काट्याकुट्यांपासून पायास जपते. टेक्सास प्रांतातील स्पॅनिश फोर्ट ह्या गावी जस्टिन नावाच्या चर्मकाराने १८७९ साली असे बूट करण्याचे दुकान घातले. गुरांचे कळप घेऊन उत्तरेस निघालेले गुराखी जाताना पायाचे माप देत व परत येताना तयार बूट घेऊन जात. पुढे गिऱ्हाइकाने घरीच माप घेऊन टपालाने धाडावे, अशी सोयही ह्या दुकानाने केली. आजही त्या देशात हातचे बूट करणारे कारागीर दोन्ही पायांची मापे निरनिराळी घेतात, कारण कोणाही माणसाचे दोन पाय तंतोतंत सारखे नसतात. तळवा झिजला की तो काढून नवा शिवतात, वरचे कातडे तसेच राहते; आणि एक जोड पुष्कळ वर्षे चालतो.

आता पुण्याकडे वळू. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली व पुढील वर्षी पेशवाई संपली. सरदारांच्या पागा मोडल्या, स्वारांस घरी बसावे लागले, आणि खोगिरांची मागणी ओसरली. पुण्याच्या पूर्वेस इंग्रजांचे लष्कर वसले. तेथे घोडे होते, १८३० साली घोड्यांच्या शर्यतींचे मैदानही झाले. परंतु तेथील खोगीर इंग्रजी घाटाचे होते. १८५७ च्या उठावानंतरच्या दशकात सरकारने कानपुरास लष्करी खोगिरांचा स्वतंत्र कारखाना काढला. तेव्हापासून हिंदुस्थानात खोगीर म्हणजे कानपूर असे समीकरण झाले, व ते आजही टिकून आहे. युरोप-अमेरिकेतील घोडेस्वारांच्या घोड्यांवर कानपूरची खोगिरे चढतात.

आमचा जिनगर मात्र हात बांधून बसला नाही. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत ह्या समाजाच्या धंद्यांची जी यादी आहे ती वाचून मन थक्क होते. धातूचे ओतकाम, दगडावरील व लाकडावरील कोरीव काम, चित्रकाम, मातीच्या व कापडाच्या मूर्ती, पेट्या व कुलुपे दुरुस्त करणे, इतकेच नव्हे तर घड्याळे नीट करणे! ज्या हातास घोड्याच्या पाठीचे वळण कळत होते, त्यास मूर्तीचे वळण कळण्यास अवकाश लागला नाही. हुन्नर मेला नाही. त्याने वस्तू बदलली. परंतु खोगिराची विद्या पुण्यातील रस्त्यांवरून बहुतांशी निघून गेली. रेसकोर्सच्या तबेल्यांत आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जेथे छात्रांस आजही घोडेस्वारी शिकवितात, तेथेच खोगीर-लगामांची निगा हे नित्याचे काम राहिले आहे. १८१७-१८ च्या सुमारास उभारलेले 'पूना हॉर्स' हे पथक भारतीय सैन्यात आजही आहे, पण ते रणगाड्यांवर स्वार होते. हुजूरपागेत घोडा नाही व पूना हॉर्समध्येही घोडा नाही! एक समाधानाची गोष्ट एवढीच, की भीमेच्या काठच्या ज्या तट्टांवर मराठ्यांनी मुलूख तुडविला, त्या भीमथडी जातीस अलीकडेच घोड्यांची स्वतंत्र देशी जात म्हणून अधिकृत नोंद मिळाली आहे.

घोड्यावरील कातडे गेले, तरी पायातील कातडे उरले. पगडी, अंगरखा, उपरणे आणि तांबडा पुणेरी जोडा, हे गेल्या शतकातील पुणेकराचे चित्र आपल्या डोळ्यांसमोर आहे. त्यातील पगडी आता समारंभापुरती उरली आणि पुणेरी जोडा नाटकाच्या सामानात जमा झाला. मात्र त्याची भावंडे जिवंत आहेत. त्यांत अग्रमान अर्थातच कोल्हापुरी चपलेचा. पुण्याच्या बाजारात ती सर्वत्र मिळते, परंतु ती कशी तयार होते ह्याची माहिती सुशिक्षित घरांतही फारच थोडी असते, म्हणून येथे थोडक्यात देतो.

कच्चे कातडे प्रथम पाण्यात भिजवितात, मग चुन्याच्या निवळीत काही दिवस ठेवून त्यावरील केस सैल करतात व रापीने दोन्ही बाजू साफ करतात. नंतर बाभळीची साल व हिरडा ह्यांच्या काढ्यात ते कमावतात. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवून ती टांगतात व तीत हा काढा भरून ठेवतात. तो हळूहळू झिरपत कातड्याच्या अंगी मुरतो. सारे मिळून महिनाभर लागतो. कारखान्यात क्रोम नावाच्या क्षारांनी हेच काम एक-दोन दिवसांत होते. पण सालीहिरड्याने कमावलेले कातडे घालणाऱ्याच्या पायाचे वळण घेते, तसे ते घेत नाही. कोल्हापुरी चप्पल पहिले काही दिवस चावते व पुढे पायाची होऊन जाते, त्याचे कारण हे आहे.

तळास म्हशीचे अगर बैलाचे जाड कातडे लागते, वरच्या नाजूक कामास बकऱ्याचे. (महाराष्ट्रात २०१५ साली गोवंश हत्याबंदी लागू झाल्यापासून बैलाचे कातडे मिळणे दुरापास्त झाले आहे.) थर एकावर एक ठेवून ते कातड्याच्याच वादीने शिवतात, अस्सल चपलेत लोखंडी खिळा नसतो. तळास जोडलेले बाजूचे कान, त्यांतून जाणारा पट्टा, बोट अडकविण्याचा अंगठा, वर वेणी व गोंडा, अशी तिची रचना असते. वेणी विणणे व नक्षीचे टाके घालणे हे काम बहुधा घरातील स्त्रिया करतात. कापशी गावावरून 'कापशी' हा चपलेचा प्रकार प्रसिद्ध झाला. छत्रपती शाहू महाराजांनी ह्या धंद्यास आश्रय दिला, आणि २०१८ च्या अखेरीस महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा ८ जिल्ह्यांस मिळून तिचे भौगोलिक मानांकन मिळाले.

हे मानांकन कागदावर राहिले की पोटापर्यंत पोहोचले, ह्याची परीक्षा जून २०२५ मध्ये झाली. इटलीतील प्राडा ह्या कंपनीने मिलान येथील प्रदर्शनात हुबेहूब कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या, पण कोल्हापूरचे नाव कोठेच घेतले नाही. महाराष्ट्रात गहजब झाला. तेव्हा कंपनीने ह्या चपलांमागील प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे मान्य केले, व त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र व कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून येथील कारागिरांकडून चपला करवून घेण्याचे ठरविले. त्या गहजबात आपल्या घरांतील तरुण मंडळीही हिरिरीने सामील होती. परकीयांनी आपल्या कारागिराचे नाव घेतले नाही, हा संताप रास्तच होता. पण आमचा प्रश्न असा आहे, की आपण तरी ते कधी घेतले?

आपल्या भाषेत कृतज्ञतेचा सर्वोच्च उद्गार कोणता? 'आमच्या अंगाच्या कातड्याचे जोडे करून तुमच्या पायांत घातले तरी उपकार फिटणार नाहीत.' गुरूस, मातापितरांस, संकटात धावून आलेल्या आप्तास आपण हे शब्द वाहिले. परंतु जो खरोखर कातड्याचे जोडे करून पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पायांत घालीत आला, त्यास आपण वाड्याच्या दिंडीबाहेर उभे केले. पाऊल कागदावर ठेवून त्याने माप घ्यावयाचे, पण पावलास स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. पैसे वरून टाकावयाचे. आणि सात-आठ वर्षांच्या मुलाने साठ वर्षांच्या कारागिरास 'अरे' म्हणावयाचे. हा आपल्या घरांचा आचार होता, व तो फार जुना नाही. कातडे अपवित्र म्हणावे, तर देवापुढे वाजणारा मृदंग कातड्याचाच होता, आणि इनामाच्या बागेस पाणी ज्या मोटेने दिले जाई ती मोटही कातड्याचीच होती. विटाळ कातड्याचा नव्हता, माणसाचा होता.

ह्याचे एक उदाहरण पुण्यातच घडले. पाळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील तरुण लष्करातील युरोपियनांच्या जिमखान्यावर खेळपट्टीची निगा राखीत आणि गोऱ्या साहेबांस सरावासाठी चेंडू टाकीत. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबास युरोपियनांस हरवावयाचे होते, म्हणून त्यांस संघात घेतले गेले. बाळूंनी फेकलेला कातड्याचा चेंडू ब्राह्मण खेळाडू खुशाल झेलीत. परंतु चहाच्या वेळी बाळूंना मात्र मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. ह्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक गडी बाद केले. १९५० साली राज्यघटनेने अस्पृश्यता कायद्याने नष्ट केली. तथापि धंद्याकडे पाहण्याची दृष्टी कायद्याने बदलत नसते. आज चर्मकाराच्या मुलास शिकून नोकरी धरावीशी वाटली तर त्यात वावगे काहीच नाही. तो त्याचा हक्क आहे. मात्र ज्यास हाच हुन्नर पुढे चालवावयाचा आहे, त्यास तो सन्मानाने व पोटभर अन्नासह चालविता यावा, एवढे पाहणे हे गिऱ्हाइकाचे, म्हणजे आपले, कर्तव्य आहे.

ते कसे करावे, ह्याविषयी आमच्या वाचकभगिनींस व बंधूंस काही व्यवहारी सूचना कराव्याशा वाटतात.

एकत्र कुटुंबात वर्षाकाठी पादत्राणांचे किती जोड येतात व किती टाकले जातात, ह्याचा हिशेब घरच्या लक्ष्मीने एकदा करून पाहावा. स्वस्त म्हणून घेतलेले रबरी व नकली कातड्याचे जोड एका पावसाळ्यात जातात, व बहुतेक दुरुस्त होत नाहीत. कारण ते शिवलेले नसून डिंकाने चिकटविलेले असतात. शिवलेला जोड महाग असतो, पण त्याचा तळ बदलता येतो, वादी बदलता येते, टाका पुन्हा घालता येतो. घेताना तो उलटा करून शिवण पाहावी.

माप द्यावयाचे ते संध्याकाळी द्यावे, कारण दिवसभराच्या हालचालीने पाय किंचित फुगलेला असतो. दोन्ही पावलांचे माप द्यावे व मोठे असेल त्यास धरून जोडा करवावा. वडील माणसांच्या अंगठ्यास कुरूप असेल, बोटे वाकलेली असतील, तर ते संकोच न करता कारागिरास सांगावे; पायाच्या आकाराच्या लाकडी कळबुतावर तेवढ्या जागी कातड्याचा तुकडा लावून तो जागा करून देतो. ही सोय दुकानातील ठरावीक आकड्यांच्या जोडात मिळत नाही.

पुण्याच्या पावसात सालीहिरड्याचे कातडे घालू नये. भिजलेच तर उन्हात अगर चुलीशेजारी वाळवू नये, कारण त्याने ते तडकते. आत जुने वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवावे, व नीट वाळल्यावर थोडे एरंडेल चोळावे. बुरशी आली तर कोरड्या फडक्याने पुसून वारा लागू द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकणे, ही कातड्याची सर्वांत मोठी हेळसांड.

शेवटची सूचना पैशाची व बोलण्याची. कोपऱ्यावर आरी-रापी घेऊन बसलेल्या कारागिराशी आपण पाच-दहा रुपयांसाठी जी घासाघीस करतो, ती काचेच्या दारांच्या दुकानात करण्याचे धैर्य आपणास होत नाही. त्याने सांगितलेली मजुरी द्यावी. घरातील मुलांस दुरुस्तीसाठी त्याच्याकडे धाडताना त्यास 'काका' म्हणावयास व 'अहो' म्हणून बोलावयास शिकवावे, आणि त्याचे नाव विचारून येण्यास सांगावे. घरच्या शिंप्याचे, वैद्याचे, भटजींचे नाव आपणास ठाऊक असते. मग ज्याच्या शिवणीवर आपण चालतो त्याचे का नसावे?

येत्या दिवाळीत पाडव्याच्या ओवाळणीत वस्त्रांबरोबर मापाने करविलेला एक जोड असावा, व तो आणावयास घरातील कर्त्या पुरुषाने मुलांस बरोबर घेऊन स्वतः जावे, एवढीच आमची विनंती आहे.